मोटारसायकलच्या पडद्याआडची आज्ञावली

लांबच्या प्रवासासाठी बनविलेल्या आधुनिक मोटारसायकलीला आता काट्याचा मीटर क्वचितच आढळतो. त्याच्या जागी एक छोटा रंगीत पडदा असतो. वेग, इंजिनाचे फेरे, टाकीतील पेट्रोल, गिअरचा आकडा, गाडीची एकूण धाव, इतकेच काय पण पुढच्या वळणाचा नकाशाही त्याच पडद्यावर दिसतो. हा पडदा म्हणजे एक लहानसा संगणकच होय. संगणक म्हटला की त्याची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, आलेच. आणि आज्ञावली आली की तिची दुरुस्ती व सुधारणाही ओघाने आलीच. 'आपल्या गाडीसाठी नवे अपडेट उपलब्ध आहे' असा निरोप फोनवर झळकतो, तेव्हा प्रत्यक्षात काय घडावयाचे असते, त्या वेळी कोणती काळजी घ्यावी लागते आणि ती का घ्यावी लागते, हे सोप्या भाषेत समजावून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय केवळ हौशी लोकांचा आहे, असे कोणास वाटेल. तेव्हा एक उदाहरण घेऊ. समजा, बेळगावचे दोन मित्र मोटारसायकलीने ओंकारेश्वरास निघाले आहेत. पुणे, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असे टप्पे घेत ते बुऱ्हाणपुरास मुक्कामाला पोहोचले. रात्री एकाने फोनवरचा निरोप पाहून मीटरचे अपडेट सुरू केले आणि ते पुरे होण्याआधीच किल्ली काढून तो झोपी गेला. सकाळी पडदा काळा! इंजिन सुरू होते, गाडी चालते; म्हणून दोघे तसेच पुढे निघाले. खांडव्याच्या रस्त्याने निंबोला येते. त्यापुढे असीरगड आणि सातपुड्याची चढण. आता वेग किती हे कळत नाही, पेट्रोल किती उरले हे कळत नाही, ब्रेकच्या यंत्रणेत बिघाड झाला तर सूचना देणारा दिवाही दिसत नाही. निंबोल्यासारख्या गावातला मिस्त्री साखळी ताणून देईल, पंक्चर काढील, क्लचची तारही बदलील. परंतु या काळ्या पडद्यापुढे त्याच्या पान्याचे काही चालणार नाही. असा प्रसंग ओढवू नये, यासाठी पडद्याआड काय चालते ते ठाऊक असणे बरे.

काट्यापासून पडद्यापर्यंत

जुन्या मीटरची रचना आपण पदार्थविज्ञानाच्या आधारे सहज समजू शकतो. पुढच्या चाकापासून एक लवचिक तार मीटरपर्यंत येत असे. चाकाबरोबर ती फिरे आणि मीटरमधील लोहचुंबकास फिरवी. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असे. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होत आणि वाटी चुंबकामागे ओढली जाई. एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरी. या ओढाताणीत वाटी जेथे स्थिर होई, तेथे काटा वेग दाखवी. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले आणि पुढे अनेक दशके जगभरच्या गाड्यांवर तीच चालली. तार तुटली तर कोणताही मिस्त्री नवी घालून देई.

आता तार गेली. चाकाजवळ एक संवेदक बसविलेला असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्याचा प्रत्येक दात समोरून गेला की तो विजेचा एक ठोका देतो. समजा, कड्याला ४८ दाते आहेत आणि चाकाचा घेर २ मीटर आहे. एका सेकंदात ४८० ठोके आले, तर चाक १० वेळा फिरले आणि गाडी २० मीटर पुढे गेली. म्हणजे वेग ताशी ७२ किलोमीटर. हा हिशोब आज्ञावली करते. त्यात '४८' हा आकडा चुकून '४६' असा लिहिला गेला, तर चाक, संवेदक, तारा सारे काही ठाकठीक असूनही मीटर रोज खोटे सांगेल. अशा गाडीची दुरुस्ती पान्याने होणार नाही. तो एक आकडा बदलावा लागेल. आज्ञावली अद्ययावत करणे म्हणजे मुळात अशी दुरुस्ती होय.

ही माहिती पडद्यापर्यंत पोहोचते ती 'कॅन' नावाच्या जाळ्यातून. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली ही पद्धत जगापुढे मांडली. पूर्वी प्रत्येक दिव्यासाठी, प्रत्येक काट्यासाठी स्वतंत्र तार ओढावी लागे. कॅन पद्धतीत एकमेकींभोवती पिळलेल्या दोनच तारांवर इंजिनाचा संगणक, ब्रेकचा संगणक आणि पडदा हे सारे आपापले निरोप सोडतात व आपल्या कामाचे तेवढे उचलतात. बुऱ्हाणपूरच्या वाटेवर आहोतच, तर तिथलाच दाखला देता येईल. मोगलांच्या काळी, १६१५ च्या सुमारास, तेथे बांधलेला कुंडी भंडारा आजही पाहावयास मिळतो. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून वाहत येते आणि त्यावर ठिकठिकाणी शंभराहून अधिक कुंड्या आहेत. प्रवाह एकच, ज्याला जेथे हवे तेथे त्याने पाणी घ्यावे. मोटारसायकलीतील निरोपांचे जाळे काहीसे असेच असते. पडदा ही त्यातील एक कुंडी. म्हणूनच बहुतेक गाड्यांत पडदा बंद पडला तरी इंजिन चालू राहू शकते. मात्र काही गाड्यांत चोरी रोखणारी किल्लीची ओळखही पडद्याच्याच संगणकाकडे सोपविलेली असते. तेथे पडदा गेला की गाडीच अडते.

आपल्याकडच्या गाड्या

असे पडदे आता केवळ परदेशी गाड्यांपुरते राहिलेले नाहीत. पुण्याजवळ चाकण येथे बजाजच्या कारखान्यात बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० च्या जानेवारीत आपल्याकडे विक्रीस आली, ती रंगीत पडदा घेऊनच. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० या गाडीला चार इंचांचा गोल पडदा आहे. त्यावर गूगलचा नकाशा उमटतो, पण मार्ग शोधण्याचे काम खिशातला फोन करतो. फोनने तयार केलेले चित्र बिनतारी जोडणीने पडद्यावर येते. म्हणजे येथे दोन संगणकांचा संसार आहे, आणि संसार म्हटला की दोघांनी एकमेकांची भाषा समजून घेणे आले.

अपडेट का लागते?

पहिले कारण वर आलेच : मूळ आज्ञावलीतील चूक. हजारो ओळींच्या लिखाणात एखादी चूक राहून जाते आणि गाड्या रस्त्यावर धावू लागल्यानंतरच ती उघडकीस येते.

दुसरे कारण म्हणजे नवी सोय. होंडाच्या गोल्ड विंग या प्रसिद्ध प्रवासी मोटारसायकलीच्या २०१८ च्या नमुन्यात ॲपलच्या फोनची जोडणी होती. अँड्रॉइड फोनची नव्हती. २०२० साली कंपनीने ती सोय नव्या आज्ञावलीद्वारे दिली आणि आधी विकल्या गेलेल्या गाड्यांच्या मालकांनाही ती मिळाली. गाडीचा एकही सुटा भाग न बदलता गाडीला नवा गुण आला.

तिसरे कारण जरा निराळे आहे. पडद्यात चूक नसते, पण भोवतालचे जग बदलते. फोनची आज्ञावली दरवर्षी बदलते आणि कालपर्यंत जुळणारा पडदा आज अनोळखी ठरतो. उपग्रहांच्या बाबतीत तर याचे फार बोधप्रद उदाहरण आहे. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह आठवड्यांची गणना ६ जानेवारी १९८० पासून करतात. पण मूळ रचनेत त्यासाठी दहाच द्विमान अंकांची जागा ठेवलेली आहे. दहा द्विमान अंकांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात. त्यामुळे दर १०२४ आठवड्यांनी, म्हणजे सुमारे १९.६ वर्षांनी, मोजणी पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये घडले आणि एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा घडले. ज्या उपकरणांच्या आज्ञावलीत याची तरतूद नव्हती, त्यांची तारीख एका दिवसात जवळजवळ वीस वर्षे मागे गेली. उपकरण बिघडले नव्हते. काळ पुढे गेला होता.

चौथे कारण आपल्या मराठी व कन्नड वाचकांच्या जिव्हाळ्याचे आहे. फोनमध्ये आपण 'आई' किंवा 'ಅಮ್ಮ' असे नाव लिहून ठेवले आणि तिचा फोन आला, तर पडद्यावर ते अक्षर उमटावयास त्या लिपीचा टंक आज्ञावलीत असावा लागतो. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरी व कन्नड या दोन्ही लिपींना १९९१ पासूनच जागा आहे. तरी टंक नसेल तर नावाऐवजी ओळीने रिकामे चौकोन दिसतात. ही उणीवही अपडेटने भरून काढता येण्याजोगी आहे. मात्र ग्राहकांनी तशी मागणी केली पाहिजे.

तीन वाटा

नवी आज्ञावली गाडीत जाण्याच्या साधारणतः तीन वाटा आहेत. पहिली वाट सर्व्हिस सेंटरची. तेथील तंत्रज्ञ गाडीच्या तपासणी-जोडावर संगणक लावून ती भरतो. दुसरी वाट पेन ड्राइव्हची. गोल्ड विंगच्या मालकांना मिळालेले अपडेट याच वाटेने गेले : कंपनीच्या संकेतस्थळावरून पेन ड्राइव्हवर आणि तेथून गाडीत. तिसरी वाट फोनची. कंपनीचे ॲप नवी आज्ञावली आधी फोनवर उतरवून घेते आणि मग बिनतारी जोडणीने पडद्याकडे सोडते. ही वाट सर्वांत सोयीची खरी. परंतु तीत फोन, फोनची बॅटरी, जोडणी, गाडीची बॅटरी आणि मालकाचा धीर अशी पाच माणसे एका होडीत बसलेली असतात. एकाचाही तोल गेला तर होडी कलंडते.

आत काय घडते?

पडद्याच्या संगणकात आज्ञावली 'फ्लॅश' जातीच्या स्मृतीत साठविलेली असते. वीज गेली तरी तीतील मजकूर टिकतो. पण या स्मृतीचा एक स्वभाव आहे. तीत लिहिताना अंक १ चा ० करता येतो. एकट्या ० चा पुन्हा १ करता येत नाही. त्यासाठी तो सबंध कप्पाच पुसावा लागतो. म्हणजे नवे लिहिण्याआधी जुने पुसणे भागच आहे. शाळेतल्या पाटीसारखेच हे आहे. जुना धडा पुसला आहे आणि नवा अजून पुरता लिहिला नाही, असा एक नाजूक काळ मध्ये असतो. त्याच क्षणी वीज गेली, तर पाटीवर धड हाही नाही आणि तोही नाही. आपल्या उदाहरणातील काळ्या पडद्याचे मर्म हेच.

यावर अभियंत्यांनी उपाय शोधले आहेत. 'बूटलोडर' नावाची एक छोटी आज्ञावली वेगळ्या कप्प्यात ठेवलेली असते आणि तिला सहसा हात लावीत नाहीत. गाडीची किल्ली फिरविली की सर्वप्रथम ती जागी होते, मुख्य आज्ञावली शाबूत आहे का ते पाहते आणि नसेल तर नवी स्वीकारण्यास तयार राहते. ती सुरक्षित असेल तर अर्धवट राहिलेले काम पुन्हा करता येते. काही उपकरणांत याहून चांगली सोय असते. तेथे दोन पाट्या असतात. जुनी आज्ञावली एका पाटीवर तशीच राहते, नवी दुसरीवर लिहितात आणि ती तपासून झाल्यावरच कारभार तिच्या हाती देतात.

तपासतात कशी? आपल्या आधार क्रमांकाचे १२ अंक असतात. त्यांतील शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा अंक चुकीचा सांगितला तर हिशोब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. आज्ञावलीच्या शेवटीही अशीच, पण पुष्कळ मोठी, पडताळणीची संख्या जोडलेली असते. वाटेत एक अंक जरी बदलला तरी ती जुळत नाही. शिवाय कंपनीची गुप्त 'अंकीय सही' असते. जुन्या काळी खलित्यावर मोर्तब पाहिल्याखेरीज किल्लेदार हुकूम मानीत नसे. त्याचप्रमाणे ही सही पटल्याखेरीज पडदा नवी आज्ञावली स्वीकारीत नाही. परक्या माणसाने भलतीच आज्ञावली घुसवू नये, हा तीमागचा हेतू.

दूर अंतरावरून आज्ञावली बदलण्याच्या कलेचा कळस पाहावयाचा तर १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर-१ या यानाकडे पाहावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्याकडून अर्थहीन संदेश येऊ लागले. स्मृतीची एक चकती निकामी झाली होती. यान २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर. एक संदेश पोहोचावयास साडेबावीस तास आणि उत्तर यावयास तितकेच. अभियंत्यांनी त्या चकतीवरील आज्ञावलीचे तुकडे करून ते स्मृतीच्या इतर भागांत बसविले आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा शुद्धीवर आले. घाई न करता, प्रत्येक पावलाची खात्री करीत काम केले, म्हणून हे साधले. आपल्या अंगणातल्या मोटारसायकलीलाही तोच नियम लागू आहे.

कोणती काळजी घ्यावी?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बॅटरीची. अपडेट करताना किल्ली चालू आणि इंजिन बंद ठेवण्यास सांगतात. इंजिन सुरू करताना स्टार्टर मोठा प्रवाह ओढतो आणि क्षणभर व्होल्टेज एकदम खाली येते. नाजूक काळात तो धक्का नको. पण किल्ली चालू ठेवली की आणखी एक खर्च सुरू होतो. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा आपोआप चालू राहावा असा नियम आहे. समजा, बॅटरी ८ अँपिअर-तासांची आहे आणि दिवे, पडदा व इतर संगणक मिळून ४ अँपिअर प्रवाह घेतात. अर्ध्या तासात २ अँपिअर-तास, म्हणजे पाव बॅटरी, रिकामी होईल. बॅटरी जुनी असेल तर तेवढ्यानेही काम बिघडावयाचे. म्हणून विश्रांतीच्या स्थितीत बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर आहे, याची आधी खात्री करावी. शक्य असल्यास गाडीला योग्य चार्जर लावून ठेवावा.

दुसरे, फोन पुरेसा भारित असावा, गाडीपाशीच ठेवावा आणि काम चालू असताना त्यावर दुसरे काही करू नये. पेन ड्राइव्हची वाट असेल तर सांगितलेल्या पद्धतीने तो आधी कोरा करून घ्यावा व फक्त तीच फाईल त्यावर ठेवावी. तिसरे, आपल्याच गाडीच्या नमुन्याची व सालाची आज्ञावली घ्यावी. दिसावयास पडदे सारखे असले तरी आतली रचना भिन्न असू शकते. चौथे, जुन्या आवृत्तीचा क्रमांक आणि गाडीची एकूण धाव यांचा एक फोटो काढून ठेवावा. पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर तोच पुरावा. पाचवे, पडदा मध्येच काळा झाला किंवा टक्केवारी थबकली तर लगेच किल्ली काढू नये. पुसण्या-लिहिण्याच्या कामात असे होऊ शकते. पुस्तिकेत सांगितलेला अवधी जाऊ द्यावा.

आणि शेवटचे, पण विसरू नये असे : प्रवासाच्या आदल्या रात्री अपडेट कधीही करू नये. निदान आठवडाभर आधी घरी करावे. मग गावातल्या गावात गाडी फिरवून वेग, पेट्रोल, दिवे, फोनची जोडणी सारे पडताळून पाहावे. वाटेत निरोप आलाच तर तो तसाच राहू द्यावा. परत आल्यावर पाहता येईल. नकाशाचा आवश्यक भागही आधीच फोनवर उतरवून ठेवावा. डोंगराळ भागात फोनचे जाळे दगा देऊ शकते.

किल्ली कोणाच्या हाती?

येथवर तंत्राचा विचार झाला. पण एक प्रश्न तंत्रापलीकडचा आहे. तारेचा मीटर कोणालाही दुरुस्त करता येई. पडद्याच्या आज्ञावलीची सही मात्र फक्त कंपनीकडे असते. सुरक्षिततेसाठी ती हवीच. परंतु त्यामुळे गावोगावच्या मिस्त्रींच्या हातून कामाचा एक मोठा भाग निसटतो आहे आणि मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या गाडीमालकाला लहानशा दोषासाठीही दूरचे सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. आठ-दहा वर्षांनी कंपनीने त्या नमुन्यासाठी नवी आज्ञावली देणे थांबविले तर काय, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

या प्रश्नाची दखल घेतली जाऊ लागली आहे, ही समाधानाची गोष्ट. २०२१ साली अमलात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या १५६ क्रमांकाच्या नियमाने मोटारगाड्यांच्या आज्ञावली कशा बदलाव्यात व त्याची नोंद कशी ठेवावी याची शिस्त घालून दिली. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावरील संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहनांचाही समावेश आहे. दुरुस्तीची माहिती व सुटे भाग ग्राहकाला आणि स्वतंत्र कारागिराला मिळावेत, अशी त्यामागची भूमिका आहे. सुट्या भागांत आज्ञावलीही मोजली गेली, तर निंबोल्याच्या मिस्त्रीलाही एक दिवस योग्य परवान्याने आणि साध्या उपकरणाने तो काळा पडदा पुन्हा उजळता येईल.

तोवर गाडी घेणाऱ्याने दुकानात मायलेज आणि किंमत विचारण्याबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. या पडद्याला किती वर्षे अपडेट मिळणार? अपडेट अर्धवट राहिले तर ते घरी पुन्हा करता येते का? नवी आवृत्ती त्रासदायक निघाली तर जुनीवर परत जाता येते का? आणि नव्या आवृत्तीत काय बदलले, हे कंपनी लेखी सांगते का? दुकानदाराला उत्तरे ठाऊक नसतील तर त्याने ती कंपनीकडून मागवून घ्यावीत. गिऱ्हाईक विचारू लागले म्हणजे कंपन्याही सांगू लागतात.